रस्ता द्यायचा, पण किती काळासाठी?

पत्र :

"मी पहिल्यांदाच निवडून आलेली नगरसेविका आहे. आमच्या शहरात एका कंपनीच्या इमारती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. मधला दोनशे मीटरचा तुकडा रहदारीला कायमचा बंद करून आमच्या आवारात घेऊ द्या, असा कंपनीचा अर्ज आला आहे. माल इकडून तिकडे नेताना रोज खोळंबा होतो, मागे एक कामगारही जखमी झाला, असं त्यांचं म्हणणं. रस्ता मिळाला तर विस्तार करू, नव्या नोकऱ्या देऊ. नाही मिळाला तर दुसऱ्या शहराचा विचार करावा लागेल, हेही सुचवून झालं आहे. पलीकडच्या वस्तीचा विरोध आहे. त्यांची मुलं याच रस्त्याने शाळेत चालत जातात, वळसा घेतला तर पाऊण किलोमीटर वाढतं. सह्यांचं निवेदन माझ्या टेबलावर आहे. आमचे गटनेते म्हणतात, 'ताई, विकासाचा विषय आहे, हात वर करायचा.' आणि माझा धाकटा दीर त्याच कंपनीत नोकरीला आहे; सासूबाई रोज विचारतात, 'झालं का गं त्या रस्त्याचं?' पुढच्या महिन्यात सभेत मतदान आहे. मी काय करू?
— एक नवखी नगरसेविका"

उत्तर :

ताई, पत्रातली सगळ्यात नाजूक गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता सांगितली आहे. दिराची. मी तिथूनच सुरुवात करते, कारण मत कुणाला द्यायचं याच्या आधी तुम्हाला मत देता येतं का, हे ठरायला हवं.

नातेवाइकाची नोकरी म्हणजे हितसंबंध धरायचा की नाही, याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. काही ठिकाणी स्वतःचा किंवा नवरा-बायकोचा आर्थिक फायदा एवढंच मोजतात, काही ठिकाणी एकत्र राहणारं सगळं कुटुंब त्यात येतं. म्हणून तोंडी विचारपूस करू नका. सभागृहाच्या सचिवांना आणि विधी विभागाला एक छोटं पत्र द्या : माझे दीर अर्जदार कंपनीत अमुक पदावर आहेत, मला या विषयावर बोलता व मत देता येईल का, लेखी कळवावे. 'नाही' असं उत्तर आलं, तर विषय पुकारला की उठून बाहेर जा, चर्चेतही भाग घेऊ नका. 'हो' आलं तरी बोलायला उभं राहिल्यावर पहिलं वाक्य दिराबद्दलचं असू द्या आणि ते इतिवृत्तात आलं की नाही, हे नंतर तपासा. लपवलेली गोष्ट पुढे कुणीतरी काढतंच. मग तुमचं मत बरोबर होतं की चूक, याची चर्चा होत नाही, फक्त दिराची होते.

तुम्हाला मत देता येतं असं धरून पुढे लिहिते.

अर्ज पुन्हा एकदा नीट वाचा. 'रस्ता बंद करणे' या तीन शब्दांत निदान चार वेगळ्या मागण्या लपलेल्या असतात. ठरावीक तासांत गाड्या बंद ठेवणं. गाड्या कायमच्या बंद, पण चालणाऱ्यांना मोकळं. रस्ता शहराचाच ठेवून काही वर्षांच्या भाडेपट्ट्याने वापरायला देणं. आणि शेवटची, रस्ता म्हणून त्याचं अस्तित्वच संपवून जमीन कंपनीच्या नावावर करणं. तुमच्या कंपनीने चौथी मागणी केली आहे आणि कारण मात्र पहिल्या मागणीचं दिलं आहे. खोळंबा होतो, माणूस जखमी झाला. दोन्ही खऱ्या अडचणी आहेत आणि त्या हसण्यावारी नेऊ नका. पण त्यांच्यावर पाळीच्या वेळेपुरतं फाटक, सिग्नल, वरून जाणारा मालवाहू पूल किंवा खालून बोगदा असे उपाय आहेत. कंपनीने यातलं काय तपासलं आणि का नाकारलं, हे अर्जात आहे का? नसेल, तर सभेत विचारायचा तुमचा पहिला प्रश्न हाच.

इंग्लंडमध्ये १९८०च्या महामार्ग कायद्याच्या कलम ११६ खाली रस्ता बंद करायचा तर रस्ते सांभाळणाऱ्या यंत्रणेला दंडाधिकारी न्यायालयात जावं लागतं आणि हा रस्ता आता अनावश्यक झाला आहे, किंवा वळवला तर लोकांच्या जास्त सोयीचा होईल, हे पटवावं लागतं. बांधकामासाठी रस्ता बंद करायचा असेल तर तिथे १९९०च्या नगररचना कायद्यात वेगळी तरतूद आहे. म्हणजे व्यवसायाला दार बंद नाही. पण पहिल्या कलमातला निकष मला फार आवडतो. कुणाला रस्ता हवा आहे, हे तो विचारत नाही. तो अजून कुणाला लागतो का, हे विचारतो. तुमच्या रस्त्यावरून रोज शाळेची मुलं जातात. म्हणजे तो लागतो.

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याशी भांडता येईल : कंपनीला सवलत द्यायला हरकत नाही, पण कंपनीच्या गरजेचं आयुष्य जेवढं, तेवढंच त्या सवलतीचं असावं. कंपन्या विकल्या जातात, दुसऱ्या कंपनीत विलीन होतात, उत्पादन बदलतात, बंद पडतात. आज अर्जावर सही करणारा अधिकारी पाच वर्षांनी तिथे नसेल. रस्ता मात्र एकदा गेला की परत मिळवायला शहराला बाजारभावाने जमीन घ्यावी लागते, आणि तोवर त्यावर इमारत उभी असते. तात्पुरत्या गरजेसाठी कायमची वस्तू, हा सौदा मुळातच एका बाजूला कललेला आहे.

अमेरिकेतल्या न्यू लंडन या छोट्या शहराचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. तिथे फायझर या औषध कंपनीचं संशोधन केंद्र आलं आणि त्याला लागून असलेल्या फोर्ट ट्रम्बुल वस्तीचा कायापालट करायची योजना शहराने आखली. घरं सोडायला तयार नसलेले रहिवासी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००५ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. वस्ती उठली. २००९ मध्ये फायझरने तिथून निघण्याचं जाहीर केलं, आणि रिकामी केलेली जागा पुढे कित्येक वर्षं तशीच पडून राहिली. तो रस्त्याचा नव्हे, घरांचा विषय होता, हे मान्य. कंपनीनेही कुणाला फसवलं नव्हतं. व्यवसायाचं गणित बदललं, ती गेली. शहराला मात्र तसं उठून जाता येत नाही.

आता तुमच्या प्रकरणाशी सगळ्यात जवळची गोष्ट सिॲटलची. तिथल्या बास्केटबॉल संघाने २००८ मध्ये शहर सोडलं होतं आणि ती जखम ताजी होती. ख्रिस हॅन्सन या गुंतवणूकदाराने नवं क्रीडागृह बांधायचं ठरवलं. जागा घेतली, पण मधून ऑक्सिडेंटल ॲव्हेन्यू साउथ या रस्त्याचा एक तुकडा जात होता. तो कायमचा बंद करून प्रकल्पाला द्यावा, हा विषय २०१६च्या मे महिन्यात नगर परिषदेपुढे आला. बाजूने काय काय होतं पाहा : हजारो चाहते, संघ परत येण्याची आशा, खाजगी पैसा. विरोधात होतं बंदर आणि तिथले कामगार. त्यांचं म्हणणं असं की या भागातून मालट्रक जातात, इथे गर्दी वाढली तर बंदराच्या धंद्यावर परिणाम होईल. आणि एक साधा मुद्दा आणखी होता : क्रीडागृहात खेळणारा संघच अजून हातात नव्हता. रस्ता आज द्यायचा आणि ज्याच्यासाठी द्यायचा ते पुढे कधीतरी येईल, असा मामला.

परिषदेने पाच विरुद्ध चार मतांनी नकार दिला.

पुढे शहराने जुन्या क्रीडागृहाचं नूतनीकरण करायचा मार्ग धरला आणि ते २०२१ मध्ये सुरू झालं. त्यासाठी ऑक्सिडेंटलचा तुकडा द्यावा लागला नाही. यावरून 'नाही म्हटलं की चांगलंच होतं' असा निष्कर्ष काढू नका. त्या पाच जणींना २०१६ मध्ये हे पुढचं ठाऊक नव्हतं. समोर जेवढं होतं त्यावर त्यांनी ठरवलं.

हो, पाच जणी. नकार देणाऱ्या पाचही सदस्य स्त्रिया होत्या आणि होकार देणारे चारही पुरुष. मतदानानंतर त्या पाच जणींवर शिव्यांचा आणि धमक्यांचा मारा झाला. बाई म्हणून जितकं घाणेरडं लिहिता येईल तितकं लोकांनी लिहिलं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण तुम्ही नव्या आहात आणि गटनेत्यांच्या 'ताई'मध्ये मला थोडा आदर आणि बराच गृहीतपणा ऐकू येतो. मत कुठेही द्या, पण त्या आठवड्यात फोन कोण उचलणार, सोशल मीडियावरचे संदेश कोण वाचणार, धमकी आली तर तिची नोंद कुठे करायची, हे आधी ठरवून ठेवा.

गटनेत्यांबद्दल एवढंच : पक्षादेश लेखी निघाला आहे का, ते विचारा. निघाला असेल तर त्याचे परिणाम काय, तेही जाणकाराकडून समजून घ्या. 'हात वर करायचा' हे वाक्य म्हणजे आदेश नव्हे. पुष्कळ वेळा लेखी मागितलं की समोरचा एकदम मवाळ होतो.

रहदारीच्या आकड्यांकडे वळू. दोन्ही बाजू तुम्हाला आकड्यांनी घाबरवतील. वस्तीवाले म्हणतील, शेजारचे रस्ते तुंबतील. हे नेहमी खरं ठरतंच असं नाही. १९९० साली वसुंधरा दिनी न्यूयॉर्कमधला ४२वा रस्ता बंद ठेवला होता, तेव्हा हाहाकार होईल असं भाकीत होतं, झाला नाही. डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं होतं की रस्त्यांच्या काही जाळ्यांमध्ये एक रस्ता वाढवल्याने सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो. म्हणजे उलटही, एक रस्ता कमी केल्याने प्रवास सुधारणंही, घडू शकतं. ब्रिटनमध्ये १९९८ साली रस्ते बंद किंवा अरुंद केल्याची बरीच उदाहरणं एकत्र तपासली गेली, तेव्हा वाहनांचा काही हिस्सा आजूबाजूला न सरकता चक्क नाहीसा झाल्याचं दिसलं. लोकांनी वेळा बदलल्या, फेऱ्या एकत्र केल्या, गाडी घरी ठेवली.

कंपनीचा सल्लागार हा अभ्यास तुमच्यापुढे ठेवण्याची दाट शक्यता आहे. तो खरा आहे, पण गाड्यांबद्दलचा आहे. शाळेत चालत जाणारं मूल नाहीसं होत नाही. ते पाऊण किलोमीटर जास्त चालतं, किंवा त्याला कुणीतरी दुचाकीवर सोडायला लागतं आणि रस्त्यावर एक वाहन वाढतं. म्हणून रहदारीचा अहवाल हातात आला की पाहा : पैसे कुणी दिले, मोजणी कोणत्या दिवशी झाली, शाळा सुरू होत्या का, आणि पायी चालणारे मोजले का. शेवटचा रकाना बहुतेक वेळा रिकामाच असतो.

त्याच सल्लागाराच्या सादरीकरणात कोपनहेगनचा स्ट्रॉयेट हा बाजाररस्ता आणि न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर हमखास असतील, छान छायाचित्रांसह. स्ट्रॉयेट १९६२ मध्ये आणि टाइम्स स्क्वेअरमधला ब्रॉडवेचा भाग २००९ मध्ये गाड्यांना बंद झाला, हे बरोबर. पण दोन्हीकडे सुरुवात प्रयोग म्हणून झाली, परिणाम बघून मग कायम केलं, आणि दोन्हीकडे रस्ता लोकांचाच राहिला. लोकांसाठी रस्ता बंद करणं आणि लोकांना रस्ता बंद करणं यांची छायाचित्रं एका फायलीत लावू देऊ नका. प्रयोगाची कल्पना मात्र जरूर उचला. सहा महिने अडथळे लावून गाड्या बंद ठेवा, पादचाऱ्यांना वाट ठेवा, आणि मोजा. कंपनीची अडचण खरी असेल तर तिलाही हे चालायला हवं.

'मग मधला मार्ग काढू, जमीन कंपनीला आणि चालायचा हक्क लोकांना' असंही कुणीतरी सुचवेल. दिसायला सोपं आहे. सॉल्ट लेक सिटीने १९९९ मध्ये मेन स्ट्रीटचा एक तुकडा तिथे मुख्यालय असलेल्या चर्चला ८१ लाख डॉलरना विकला. तो व्यवसाय नव्हता, पण रचना हीच : मालकी त्यांची, पायी जायची वाट सगळ्यांची, आणि तिथे कसं वागायचं याचे नियम मालकाचे. खटला उभा राहिला. लोकांची वाट आहे तोवर तिथे बोलण्यावर असे निर्बंध चालणार नाहीत, असं २००२ मध्ये अपील न्यायालयाने म्हटलं. २००३ मध्ये शहराने तो चालण्याचा हक्कही सोडला आणि बदल्यात दुसरीकडे जमीन आणि लोकांसाठी केंद्र उभारायला मदत घेतली. तुमच्या बाबतीत हा प्रश्न रोज सकाळी फाटकावर येईल. सुरक्षारक्षक मुलांची दप्तरं तपासेल का? संपाच्या काळात वाट उघडी राहील का? रात्री दहानंतर? करारात हे नसेल तर उत्तर रक्षकच देईल.

जमिनीखाली काय आहे हे तर सभेत कुणी बोलतच नाही. जलवाहिनी, मलवाहिनी, पावसाळी पाण्याचा नाला, विजेच्या आणि इंटरनेटच्या तारा. रात्री दोनला वाहिनी फुटली तर कंपनीचं फाटक कोण उघडणार आणि खोदाईचा खर्च कुणाचा? अग्निशमन दलाचा अभिप्राय फायलीत लेखी आहे का, की 'हरकत नाही' एवढा शिक्का आहे? बंब पलीकडच्या वस्तीत कोणत्या बाजूने शिरेल आणि किती मिनिटं जास्त लागतील, हे त्यात असायला हवं.

किमतीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. कंपनी म्हणेल, दोनशे मीटर लांबीची अरुंद पट्टी, हिच्यावर काय बांधणार, हिची किंमत ती काय. एकट्या पट्टीची खरंच फारशी नसेल. पण ती पट्टी मिळाली की दोन तुटक भूखंडांचा एक सलग भूखंड होतो आणि त्यावर जे बांधता येतं ते आधी येत नव्हतं. मूल्यांकन या वाढलेल्या किमतीकडे बघून व्हावं. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात तर पंचवीस वर्षं किंवा अधिक काळ सार्वजनिक असलेला रस्ता देताना शहराला पूर्ण मूल्यांकित किंमत घेता येते, आणि आलेल्या पैशातला निम्मा मोकळ्या जागा किंवा वाहतुकीच्या कामांसाठीच खर्च करावा लागतो. तुमच्याकडे अशी तरतूद नसली तरी ठरावात तशी अट घालायला कोण अडवतं?

राहिली निघून जायची धमकी. ती पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. नोकऱ्या खऱ्या असतात, आणि तुमच्याच घरात त्यातली एक आहे. पण कंपनीला विचारा की नोकऱ्या किती, कोणत्या पदांवर, कोणत्या वर्षापर्यंत, कायम की कंत्राटी, आणि हे सगळं करारात लिहून द्याल का. आकडा पुरा झाला नाही तर रस्ता कंपनीच्या खर्चाने पूर्ववत करून शहराला परत, हेही लिहून द्याल का. भाषणात पाचशे आणि करारात 'शक्य तितक्या' असं असेल, तर तुमचं उत्तर तुम्हाला तिथेच मिळालं. बांधकामाची परवानगी आणि पैशाची व्यवस्था हातात आल्याशिवाय रस्त्याला कुलूप लागणार नाही, ही अटही हवीच. नाहीतर रस्ता बंद आणि विस्तार कागदावर, असं वर्षानुवर्षं चालतं.

तर मतदानाच्या दिवशी भाडेपट्टा किंवा मुदतीच्या परवानगीची उपसूचना मांडा : मालकी शहराची, मुदत ठरलेली, पायवाट चोवीस तास उघडी, कंपनी गेली किंवा विकली गेली की परवानगी आपोआप रद्द. ती मान्य झाली तर बाजूने मत द्या. कंपनी मालकीशिवाय काहीच नको म्हणत असेल, तर विरोधात द्या आणि कारण दोन वाक्यांत नोंदवा. तटस्थ राहू नका. हितसंबंधामुळे बाहेर जाणं वेगळं आणि अवघड वाटतं म्हणून गप्प बसणं वेगळं. वस्तीतल्या लोकांना हा फरक बरोबर कळतो. रस्ता खरोखर कुणाच्या वापरात नसता, पुढे वाट नसलेलं नुसतं टोक असतं, तर मी तुम्हाला पूर्ण किंमत घ्या आणि देऊन टाका असंच सांगितलं असतं.

सासूबाईंना सभेआधी सांगा, सभेनंतर नको. दिरालाही समोर बसवून सांगा की मी काय मागणार आहे आणि का. त्याला साहेबांकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळू दे. त्याच्याकडून आतली माहिती मात्र मागू नका, त्याने आपणहून दिली तरी वापरू नका. त्याची नोकरी आणि तुमचं मत यांच्यात एवढं अंतर तुम्हालाच ठेवावं लागेल.

आणि उद्या कार्यालयात गेलात की आधी फायलीतला नकाशा मागा. जमिनीखालच्या वाहिन्या, शाळेची वाट आणि बंबाचा पर्यायी मार्ग या तिन्ही गोष्टी त्यावर दाखवलेल्या नसतील, तर विषय अपुरा आहे म्हणून पुढच्या सभेपर्यंत स्थगित ठेवण्याचं पत्र त्याच दिवशी देऊन पोच घ्या.